काविळीची माळ आणि मायचं तूप

गेल्या उन्हाळ्यात माझं पित्ताशय काढलं. नातीनं हट्ट धरून नांदेडला नेलं, पोटाला बारीक बारीक भोकं पाडली म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी एका बाटलीत खडे घालून माझ्या हातात ठेवले. हरभऱ्याएवढे, हिरवट-काळपट. "आजी, ठेवा आठवण म्हणून," म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, जन्मभर तूप खाऊन एवढीच इस्टेट जमली होय? त्या हसल्या. मग मला एकाच गोष्टीची चिंता होती ती विचारली, की आता तूप बंद का? त्यांनी लगेच कागद घेऊन यकृताचं चित्र काढायला सुरुवात केली. पित्त यकृतात तयार होतं, पिशवी फक्त साठवायला असते, पिशवी गेली तरी यकृताचं काम चालूच राहतं, पित्त थोडं थोडं थेट आतड्यात उतरत राहतं. मी म्हटलं, राहू द्या ते चित्र. हे सगळं मला हिंगोलीच्या हकीमसाहेबांनी दोन वाट्यांत करून दाखवलंय, तुमच्या आईचा जन्म व्हायच्या आधी. त्यांना वाटलं भुलीचं औषध अजून उतरलं नाही म्हातारीचं.

आमचं गाव कयाधूच्या काठचं. नरसीच्या देवळाला पायी जाऊन दिवे लागायच्या आत परत येता येईल एवढ्या अंतरावर. निजामाचं राज्य होतं, पण आम्हा पोरींना ते फक्त पैशावरच्या अक्षरांत दिसायचं. आमच्या घरात राज्य आत्याचं होतं. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण, कमी वयात कपाळ पांढरं झालं आणि माहेरी परत आली ती घराची मालकीण होऊनच. कोठीची किल्ली तिच्या कमरेला, शेवटचा शब्द तिचा. आबा बाहेर चार माणसांत मोठ्यानं बोलायचे, पण घरात आत्या खाकरली की सुपारी कातरत बसायचे. मायच्या वाट्याला एकच गोष्ट आली होती आणि ती तिनं कुणाला दिली नाही. दुभतं. दोन म्हशी, घुसळखांब, आणि शिंक्यावर टांगलेलं तुपाचं मडकं.

पहाटे रवीच्या घरंघर आवाजानं जाग यायची. लोणी कढायला ठेवलं की आधी तडतड सुरू व्हायची, मग ती बारीक होत जायची, आणि माय चुलीपुढं मान तिरकी करून ऐकत बसायची. "तूप बोलायचं थांबलं की उतरवायचं," असं म्हणायची. शेवटी एक विड्याचं पान टाकायची. तो वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि वाटेनं जाणारा माणूस काही ना काही निमित्त काढून ओट्यावर टेकायचा. त्या मडक्यातलं तूप माय वाढायची तेव्हा कुणाला विचारत नसे. भाकरी, भात, पोळी, काय असेल त्यावर पळी उपडी व्हायची. नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत तूप ताटात आलेलं असायचं. तूप विचारून वाढणं म्हणजे न वाढणंच, अशी आमच्याकडची समजूत. मायला दुसऱ्या कुठल्या रीतीनं लाड करता येत नव्हते. माझ्या डोक्यावरून तिनं कधी हात फिरवल्याचं मला आठवत नाही, पण माझ्या भाकरीवर तूप नव्हतं असा एकही दिवस आठवत नाही.

अशा घरात सरूवहिनी आली. दादाची बायको, साखऱ्याची. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. माझ्या पाठीवर बहीण नव्हती, त्यामुळं मी तिला सोडायलाच तयार नसे. ती दळायला बसली की मी खुंट्याला हात लावणार, ती पाण्याला निघाली की माझी कळशी तयार. ओव्या तर अशा गायची की शेजारची म्हातारी स्वतःचं जातं थांबवून ऐकायची. साखऱ्याकडं सगळी कोरडवाहू शेती, पाण्याचे हाल, त्यामुळं आमच्या नदीचं तिला भारी कौतुक. घागर भरून झाली तरी पाण्यात पाय सोडून बसायची. "गोदे, येवढं पाणी वाहून जातंय, अन् कुणी काही म्हणत न्हाई," म्हणायची.

तिच्या पहिल्या महालक्ष्म्या आल्या. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं घर घमघमलेलं. पहिल्या वर्षाच्या सुनेला मायनं मोठ्या हौसेनं आपल्या शेजारी बसवलं आणि पुरणपोळीवर पळी उपडी करायला गेली, तर वहिनीनं दोन्ही हात ताटावर आडवे धरले. "नको मामी," एवढंच म्हणाली. आमच्याकडं सासूला मामी म्हणतात. तूप तिच्या बोटांवरून ओघळून ताटात पडलं. आत्यानं तोंड उघडलंच. "साखऱ्याच्या लेकीला आमच्या घरचं तूप चालंना व्हय? तिकडं पाण्याची बोंब, अन् इथं तुपाचा नखरा!" वहिनीनं खाल्लं मग. सगळं खाल्लं. आणि गोठ्यामागं जाऊन सगळं ओकली. मी तिथं होते. तोंड धुताना ती म्हणाली, "वास आला की पोटात ढवळून येतंय गं. कुणाला सांगू नकोस." मी सांगितलं नाही. पण ताटावर आडवे धरलेले हात सगळ्यांनी पाहिले होते, आणि अशा वेळी घरात बायकांना जी गोड शंका येते ती आलीच, माय तर दोन दिवस हसतमुख फिरत होती. पण तिसऱ्या दिवशी न्हाणीतून वहिनी बाहेर आली, उन्हात उभी राहिली, आणि तिचे डोळे हळदीच्या बोटांनी पुसल्यासारखे पिवळे दिसले.

आत्यानं चुन्याची निवळी काढली, वहिनीचे हात त्यात धुवून घेतले, पाणी पिवळं झालं. कावीळ. मग तांड्यावरची सोमलीबाई आली. लमाणांच्या त्या तांड्यावर कुणाला काय झालं की ती, आणि आमच्या गावातही कुणाला कावीळ झाली की तीच. तिनं कुठल्याशा वेलीच्या ओल्या काड्यांचे तुकडे पांढऱ्या कच्च्या सुतात एकेक गाठ मारून ओवले, माळ केली, ती मुकुटासारखी वहिनीच्या डोक्यावर घट्ट बसवली. माळ रोज आपोआप लांबत जाते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, तिथून खाली. ती बेंबीखाली उतरली की कावीळ उतरली. "हात लावू नको कुणी," सोमलीबाई म्हणाली, "हात लावला की रुसते." पुढं ती माळ वाहत्या पाण्यात सोडायची.

आणि आत्यानं सगळ्यांदेखत ओट्यावर निकाल देऊन टाकला. "दसऱ्यापत्तर वाट पाहू. माळ उतरली तर बरं. न्हाई उतरली तर गाडी जुंपायची, साखऱ्याची पोरगी साखऱ्याला. खोट आधीपासूनच असणार, माहेरच्यांनी झाकून दिली." साखऱ्याला पाठवणं म्हणजे काय हे मला कळत होतं. आत्याच्या सासरकडच्या नात्यात एक पोरगी लग्नाची होती आणि तिचं नाव हल्ली आत्याच्या बोलण्यात फार यायचं. वहिनीलाही कळत होतं. ती म्हणाली, "माझी आई तर लगेच डाग द्यायला नेईल. आमच्याकडं कावीळ म्हटलं की तापली सळई." काविळीच्या माणसाला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, म्हणून मी तिला विचारलं होतं, तुला मी कशी दिसते? "जशी हायेस तशीच, काळी," म्हणाली. ती म्हण खोटी आहे हे मला तेव्हाच कळलं. पिवळं दिसत होतं ते आत्याला.

माळ डोक्यावरून गळ्यात आली आणि तिथंच अडकली. आज मला त्याचं कारण कळतं. भादव्यातली ओल, घरात सगळं दमट, भिंतीला बोट लावलं तर ओलं व्हायचं. काड्या वाळतील तेव्हा आकसतील, गाठी सैल होतील, तेव्हा कुठं माळ लांबेल. तेव्हा मात्र आम्हाला सगळ्यांना ती माळ म्हणजे आतल्या काविळीचा चेहराच वाटायची. रोज सकाळी आत्या ओट्यावरून हाक मारायची, "कुठवर आली?" वहिनी पदर बाजूला करून दाखवायची. तिथंच.

मायनं तिच्या परीनं उपाय सुरू केला होता. सून सुकत चालली, अंगात ताकद नाही, तर ताकद कशानं येते? तुपानं. वरून घातलेलं ती नको म्हणते, तर आतून घालायचं. भाकरी फुगली की पापुद्रा फोडून आत तूप सोडायची आणि पुन्हा दाबून द्यायची. भातात, कण्यांत, काय द्यायची त्यात लपवून. वहिनीला चवीवरून कळायचं, पण सासू एवढ्या मायेनं समोर बसलीय म्हटल्यावर गिळायची. आणि मग गोठ्यामागं. एके दिवशी विहिरीवर ती चक्कर येऊन पडली. तेव्हा माय उठली आणि म्हणाली, "हिंगोलीला नेते." आत्या म्हणाली, "गळ्यात माळ असताना हकीम कशाला? माळ रुसंल." "रुसू दे, वन्सं," माय म्हणाली. तिला आत्याला उलट बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. आबांनी सुपारी कातरायची थांबवली. दादा मात्र एकही शब्द न बोलता बैलं जुंपायला गेला. त्याचा स्वभावच तसा. त्याच्या मनातलं सगळं बैलांना कळायचं, माणसांना नाही.

हकीमसाहेबांचा दवाखाना बाजारात, खाटकांच्या गल्लीच्या तोंडाशी. अत्तर, काढे आणि मटण यांचा एकत्र वास. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून मायनं तुपाचा लहानसा डबा नेला होता, तो तिनं आधीच त्यांच्या पुढ्यात ठेवला. पांढरी दाढी, डोळे मिचकावून बोलायची सवय. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, उजव्या बरगडीखाली बोटं दाबली तशी वहिनी कळवळली. मग त्यांनी विचारलं, "झाडे का रंग कैसा है?" आता परसाकडचा रंग सासूदेखत, परक्या पुरुषाला, कोणती सून सांगेल? वहिनीनं पदरात तोंड घातलं. पण शेतात तिच्यासोबत रोज कोण जायचं? मीच. मी म्हटलं, "पांढरा. भिजल्या खडूसारखा." मायनं मला चिमटा काढला. हकीमसाहेब म्हणाले, "शाबास. अब बोलो बाई, खिलाती क्या हो?" मायचा चेहरा उजळला. तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, कसं लपवून लपवून, कशाकशात तूप घालते ते.

हकीमसाहेबांनी नोकराला समोरच्या दुकानातून बकऱ्याचा पित्ता आणायला सांगितलं आणि दोन वाट्यांत कोमट पाणी मागवलं. पित्ता आम्हाला माहीत होता. आमच्याकडं बकरं कापलं की कलेजीला चिकटलेली ती हिरवी पिशवी मुलाणी फार जपून सोडवायचा आणि छपरावर कावळ्यांना फेकायचा. ती फुटली तर सगळं मटण कडू. मायनं नाकाला पदर लावला. हकीमसाहेबांनी मायच्याच डब्यातलं तूप दोन्ही वाट्यांत सोडलं आणि एक काडी तिच्या हातात दिली. "घोटो." मायनं घोटलं. थांबली की तुपाचे गोल गोल थेंब वर येऊन पुन्हा एकमेकांना चिकटले. मग त्यांनी दुसऱ्या वाटीत त्या हिरव्या पाण्याची धार सोडली. "अब ये घोटो." मायनं घोटलं आणि पाणी ताकासारखं गढूळ होत गेलं. ती थांबली, वाट पाहिली, पुन्हा वाकून पाहिलं. तूप वर आलंच नाही. ते पाण्यात कुठं गेलं ते दिसेचना.

"अगं बाई!" माय म्हणाली. "जे आमी कावळ्याला टाकतो, त्यानं तूप जिरतंय व्हय?"

"हौ बाई. जिगर, यानी कलेजी, दिन-रात यही बनाता. हम सफरा बोलते, तुम लोगां पित्त बोलते. जिगर के नीचे थैली में भर के रखता. आदमी घी खाया की थैली सुकडती, सफरा आँत में उतरता, घी को बारीक करता, तब जाके घी हजम." त्यांनी वहिनीच्या बरगडीकडं बोट केलं. "इस पोरी का जिगर सूजा है. सफरा रस्ता छोड के खून में जा रहा, इसलिए आँख पीली. जहाँ जाना वहाँ जा रहा नहीं, इसलिए झाडा सफेद. अब तुम्हीच बोलो, तुम्हारा घी कौन घोटेगा?"

मायनं पहिल्या वाटीकडं पाहिलं. तुपाचे पिवळे थेंब वर तरंगत होते. "म्हंजे मी माझ्या हातानं लेकराला तकलीफ देऊन राहिले होते," म्हणाली, आणि तिथंच, बाजारात, सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडायला लागली. दादा दारातून आत आला. वहिनी स्वतः आजारी, पण तीच मायच्या पाठीवरून हात फिरवत होती. हकीमसाहेबांनी कासनीचा अर्क दिला. हलकं खाणं, लोणी काढलेलं ताक, मनुका, आणि आराम. गाडीत हादरे नकोत, सळई तर अजिबात नको. "माला पहनने दो, उस से नुकसान नहीं. पर जिगर को अपना वखत लगता, वो दसरा-दिवाली नहीं देखता. जिस दिन झाडे को रंग आया, समझो सफरा रस्ते को लगा. घी उस के बाद." डबा मात्र त्यांनी ठेवून घेतला. "मेरा जिगर अच्छा है," म्हणाले. नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की हल्ली काविळीत इतकं कडक पथ्य सांगत नाहीत. नसतील सांगत. पण बाकी सगळं त्यांनी कागदावर काढलं ते त्या दोन वाट्यांसारखंच होतं.

घरी आल्यावर मायनं वहिनीच्या ताटातलं तूप बंद केलं आणि स्वतःच्याही. आत्यानं घर डोक्यावर घेतलं. "सुनेला उपाशी मारून बदनामी करती का राधे?" राधा म्हणजे माझी माय. तिनं वाट्यांची गोष्ट सांगून पाहिली, पण आत्या म्हणाली, "पोटात काय वाट्या ठिवल्यात?" तिला माळ दिसत होती, पित्त दिसत नव्हतं. दसरा जवळ येत होता. रोज सकाळी माय वहिनीला उन्हाच्या कवडशात बसवून वेणी घालायची. आधी कधी घालत नसे, पण मला वाटलं, हकीमाकडं रडल्यापासून माया उतू चाललीय. आणि त्याच दिवसांत माळ हलली. गळ्यातून छातीवर आली, छातीवरून पोटावर. आत्या रोज विचारायची, वहिनी रोज दाखवायची. वहिनीचे डोळे अजून पिवळे होते, शेतात अजून तोच खडूचा रंग, आणि मी मनात म्हणायची, माळेला आधी कळलं वाटतं. दसऱ्याच्या सकाळी माळ बेंबीखाली होती. आत्यानं पुढून पाहिली, मागून पाहिली, हात न लावता वाकून पाहिली. मग म्हणाली, "उतरली बाई. गाडी नका जुंपू." आणि आपट्याची पानं निवडायला आत निघून गेली.

माळ कुमारिकेनं सोडायची, म्हणून ती परडीत घालून मी नदीवर गेले. सोबत माय. गुडघाभर पाण्यात उतरून मी माळ उचलली तेव्हा उन्हात ती नीट दिसली. सोमलीबाईचं सूत पांढरं होतं. पण काड्यांच्या मधे मधे, जिथं तिथं, हिरव्या दोऱ्याचे जोड होते. बारीक, नखानं मारलेल्या गाठींचे. मी मायकडं पाहिलं. तिच्या अंगावर तिचं रोजचं हिरवं लुगडं होतं, आणि त्याचा पदर कडेनं उसवलेला. वेणी घालता घालता, मान खाली असलेल्या सुनेच्या पाठीमागं, रोज एक दोरा.

"माय, हात लावला की ती रुसते ना?" मी विचारलं.

"रुसू दे माझ्यावर. मी बघून घेईन." तिनं पाण्याकडं पाहिलं. "पित्ताला रस्त्याला लागायला लागंल तेवढा वखत लागंल, गोदे. तुझ्या आत्याकडं तेवढा नव्हता. टाक ती. अन् मागं पाहू नको."

मी टाकली आणि मागं न पाहता चालू लागले. आत्या म्हातारपणीही पहिल्या झटक्याला सुईत दोरा ओवायची. त्या सकाळी वाकून पाहताना तिला हिरवा दोरा दिसला नसेल, असं मला आता वाटत नाही. पण ती कधी बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, ती असेपर्यंत.

दसरा झाला, कोजागरी झाली. रोज शेतातून परत आले की माय रवीची दोरी हातात धरून नुसत्या डोळ्यांनी विचारायची आणि मी मान हलवायची. आणि मग एका सकाळी मी वहिनीला तशीच मागं सोडून, रिकामा लोटा हातात घेऊन, गल्लीतून ओरडत पळत आले, "माय! रंग आला! रंग आला!" शेजारच्या म्हातारीला वाटलं कुणी लुगडी रंगवणारा आला, ती पैसे घेऊन बाहेर आली. माय रवी तशीच सोडून उठली. दादा गोठ्याच्या दारात उभा होता, त्यानं बैलाच्या मानेत तोंड खुपसलं. वहिनी मागून लाजेनं अर्धमेली होऊन येत होती. "काय गं हे गोदे, काहून वरडून राहिली गावभर!" म्हणत होती, आणि हसत होती.

दिवाळीपर्यंत तिचे डोळे कवडीसारखे पांढरे झाले. पाडव्याला सगळे जेवायला बसलो. माय मडकं घेऊन आली, आबांच्या ताटात पळी उपडी, दादाच्या, आत्याच्या, माझ्या. वहिनीच्या ताटापाशी आली आणि पळी हवेतच थांबली. वहिनीचे हात मांडीवर होते, ताटावर नव्हते. आत्यानंही घास थांबवला. आमच्या घरात तोपर्यंत जे कुणी कुणाला विचारलं नव्हतं ते मायनं विचारलं.

"टाकू का गं, सरू?"

वहिनीनं तिच्याकडं पाहिलं. "टाका मामी," म्हणाली, "पर थोडं थोडं."

मायनं पळी जराशी कलती केली. तूप धारेनं नाही, एकेक थेंब भातावर पडत गेलं, आणि प्रत्येक थेंबानंतर माय वहिनीच्या तोंडाकडं बघत थांबत होती.